कर्णाश्म-रसायन (काळी नदी व कारवार किनारा)

माशाच्या आतल्या कानातील खड्यांचे रासायनिक पृथक्करण करून तो मासा कोणत्या वयात खाऱ्या, मचूळ किंवा गोड्या पाण्यात होता, हे ठरवण्याची पद्धत. या खड्यांना कर्णाश्म म्हणतात. अस्थिमत्स्यांत त्यांच्या तीन जोड्या असतात. अभ्यासाला सहसा सर्वांत मोठी जोडी घेतात. घोळ, ढोमा या माशांचा खडा डोके खाताना दाताखाली येण्याएवढा असतो. बांगड्याचा मात्र चिमट्याने शोधून काढावा लागतो.

कर्णाश्म म्हणजे खरे तर हाड नव्हे. तो कॅल्शियम कार्बोनेटचा, ॲरागोनाइट रूपातला खडा असून त्यावर रोज एक सूक्ष्म थर चढतो, हे जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ मध्ये दाखवले. हाडांतले, खवल्यांतले कॅल्शियम शरीर अडीनडीला परत काढून घेऊ शकते. कर्णाश्मावर बसलेला थर सहसा तसाच राहतो. खडा राळेत बसवून गाभा उघडा पडेपर्यंत घासतात आणि गाभ्यापासून कडेपर्यंत लेसरची रेघ ओढतात. उडालेली धूळ वस्तुमान वर्णपटमापकात जाते. गाभा म्हणजे जन्माचा काळ, कड म्हणजे जाळ्यात सापडला तो दिवस.

मुख्य खूण स्ट्रॉन्शियमची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे ८ मिलिग्रॅम असते, बहुतेक नद्यांत त्याहून पुष्कळच कमी. म्हणून थरातले स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तर पाण्याचा खारेपणा सुचवते. बेरियम बहुधा उलट वागते. मात्र समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम इतके जास्त असते की नदीत थोडे खारे पाणी मिसळले तरी गुणोत्तर समुद्राकडेच झुकते. त्यामुळे गोडे आणि मचूळ हा फरक स्पष्ट होतो, निमखारे आणि पूर्ण खारे हा होत नाही.

जोयडा तालुक्याला किनारा नाही, तरी या विषयात त्याचे नाव येते ते काळी नदीमुळे. ती तालुक्यातील डिग्गी येथे उगम पावून सुमारे १८४ किलोमीटर वाहते आणि सदाशिवगड-कारवारपाशी अरबी समुद्राला मिळते. १९८०च्या दशकात तालुक्यातच सुपा धरण उभे राहिले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. पुढच्या दशकाअखेर खाली कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणे झाली. चढत्या माशांची वाट अशी ठिकठिकाणी अडली.

या वाटेचा जुना प्रवासी म्हणून अहीर माशाकडे पाहावे. पश्चिम घाटातल्या नद्यांत राहणारा हा सर्पाकार मासा जन्मतो समुद्रात. त्याची पिल्ले ओल्या खडकांवरूनही चढतात. धरणांच्या वर अहीर मिळाल्यास कर्णाश्माच्या गाभ्यात समुद्र दिसायला हवा आणि वर्षवलये मोजून तो धरणापूर्वी वर आला की नंतर, हे सांगता यावे. कात्सुमी त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच पद्धतीने काही अहीरवर्गीय मासे नदीत कधीच शिरत नाहीत असे दाखवले होते.

चणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, याच्या बाबतीत अर्थ लावणे अवघड होते. कोकण-कारवारच्या खाड्या मे महिन्यात समुद्राएवढ्या खाऱ्या होतात आणि जुलैच्या पुरात वरचे पाणी जवळजवळ गोडे होते. मासा एका जागी बसून राहिला तरी त्याच्या खड्यात दर पावसाळ्याला स्ट्रॉन्शियमची घसरण उमटते आणि आलेख पाहणाऱ्याला ते स्थलांतर वाटते. त्यात काळीवरच्या धरणांच्या वीजगृहांतून उन्हाळ्यातही गोडे पाणी सुटते. म्हणून दरमहा पाण्याचे नमुने न घेता काढलेल्या निष्कर्षावर फार विसंबू नये. परदेशी नद्यांवर बेतलेली कोष्टके इथे जशीच्या तशी लावणे तर मुळीच योग्य नाही.

स्ट्रॉन्शियमची समस्थानिके येथे जास्त उपयोगी ठरतात. स्ट्रॉन्शियम ८७ व ८६ यांचे गुणोत्तर समुद्रात सर्वत्र सुमारे ०.७०९२ असते, नदीत ते खडकावर ठरते. कोकणातल्या वाशिष्ठी, शास्त्री या नद्या दख्खनच्या बेसॉल्टवरून वाहतात, तिथे ते बहुधा समुद्राहून कमी. काळीचे खोरे बरेचसे धारवाडी, अतिप्राचीन खडकांचे, तिथे ते जास्त असण्याची अपेक्षा. डेव्हिड मिल्टन आणि सायमन चेनेरी यांनी २००३ मध्ये याच गुणोत्तरावरून हिलसा माशाच्या हालचालींचा माग काढला.

तारली आणि बांगडा कारवारहून मालवणकडे गेले का, याचे उत्तर खारेपणावरून मिळत नाही, कारण दोन्हीकडे समुद्रच. तिथे मँगनीजचा विचार करता येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम किनाऱ्यालगतच्या तळाच्या पाण्यातला प्राणवायू फार घटतो; एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही घट तीव्र होत असल्याचे मांडले. अशा पाण्यात विरघळलेले मँगनीज वाढते, आणि कॅरिन लिंबर्ग यांनी २०११ मध्ये बाल्टिक समुद्रातील कॉड माशांच्या कर्णाश्मांत त्याची नोंद वाचून दाखवली. वरच्या थरात फिरणाऱ्या तारलीपेक्षा तळाशी राहणाऱ्या ढोम्यावर हा प्रयोग आधी करणे शहाणपणाचे.

नमुन्यांसाठी मासे मुद्दाम मारावे लागत नाहीत. कारवारच्या बाजारात कापून टाकलेल्या डोक्यातला खडाही चालतो, फक्त मासा कुठे आणि कोणत्या तारखेला पकडला ते विक्रेतीकडून त्याच वेळी लिहून घ्यावे लागते.