पायीची वहाण, रानची पारध

शिकारीची गोष्ट सांगणारा माणूस कधीही पायांपासून सुरुवात करीत नाही. तो बंदुकीपासून करतो. मग जनावराचे डोळे येतात. ते नेहमी निखाऱ्यासारखेच असतात. मग अंतर येतं. दर वेळच्या सांगण्यात अंतर थोडं कमी होतं आणि जनावर थोडं वाढतं. पण त्या ऐन क्षणी आपल्या पायात काय होतं, हे एकही शिकारी आपणहून सांगत नाही. विचारलंच तर 'बूट होते की' एवढं म्हणून तो घाईघाईने वाघाकडे वळतो. वास्तविक बंदूक दिवसातून एखाद्या वेळी उडायची, बहुधा उडायचीच नाही. पाय मात्र पहाटेपासून उचलावेच लागत.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर हा पायांचा प्रश्न टाळून चालतच नाही. परमेश्वराने इथे एकाच जिल्ह्यात चार तऱ्हेच्या जमिनी करून ठेवल्या आहेत आणि एकीला चालणारं पायताण दुसरीला चालत नाही. पहिली काळी. पावसाळ्यात या रानात पाऊल टाकलं की माती ते पाऊल ठेवून घेते. जोर करून ओढावं तर पाय वर येतो, जोडा खालीच राहतो. जोडा वर आलाच तर सोबत दोन शेर माती आणतो. सुगी झाली की त्याच रानात ज्वारीची धसकटं भाल्यासारखी उभी असतात. दुसरा माळ. तिथं मुरूम, सराटे आणि कुसळ. कुसळ पायात घुसतं असं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. ते धोतरातून, मोज्यातून, विजारीतून वाट काढीत मुक्कामाला कुठं पोहोचेल हे सभ्य गृहस्थाने सांगू नये. तिसरे बालाघाटचे डोंगर. येडशीच्या रामलिंगाकडं उतरताना पायाखालचा दगड आपल्या आधी खाली जातो आणि आपण येत असल्याची वर्दी देतो. चौथा नदीकाठ, तेरणेचा म्हणा, सीनेचा म्हणा. तिथं बाभळबन. बाभळीचा वाळलेला काटा पातळ तळ सहज पार करतो, आणि आपण ओरडेपर्यंत आपल्याला भेटलेला असतो.

तेव्हा शिकारीला जाणाऱ्याने चार जोड नेले पाहिजेत. चार जोड नेणाऱ्याने ते उचलायला एक माणूस नेला पाहिजे. आता त्या माणसाच्या पायात काय असतं, हा प्रश्न निघतो. आमच्याकडच्या शिकारीचा सगळा इतिहास मला याच प्रश्नाभोवती घोटाळताना दिसतो.

बाभळीचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. चामडं कमावायला पूर्वापार बाभळीचीच साल वापरतात. म्हणजे काटाही तिचा आणि काट्यापासून वाचवणारी वहाणही तिच्याच कृपेची. ही वहाण (मूळ संस्कृत 'उपानह्', पण संस्कृत झालं म्हणून काटा कमी टोचत नाही) गावच्या चांभाराने केलेली, जाड तळाची, तेल पाजलेली असायची. ती पहिले पंधरा दिवस चावायची. पुढं मालकाच्या पायाला इतकी ओळखायची की दुसऱ्याने पाय घातला तर लगेच लंगडायला लावायची. काहींना ती करकर वाजणारी लागे. पाटील येत आहेत हे पाटील दिसण्याआधी गावाला कळावं, हा त्या करकरीचा हेतू. गावात फार उपयोगी. रानात तिचा उपयोग फक्त हरणांना.

शिकार आणि पायताण यांचा आमच्या भागातला जुना ग्रंथाधार शोधायचा तर उमरग्याहून फार लांब नसलेल्या कल्याणीला जावं लागतं. ते आता कर्नाटकातलं बसवकल्याण. एके काळी चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1129 च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं इथपासून जेवावं काय इथपर्यंत सगळं त्यात आहे. आणि पादुकाही आहेत! त्या 'उपभोग' या भागात येतात. पाय चोळून घेण्यालाही तिथं वेगळा अध्याय आहे. शिकार मात्र पुढच्या, 'विनोद' या भागात. पादुका उपभोगात आणि शिकार विनोदात, ही वाटणी राजालाच सुचावी. ज्याला काट्यातून स्वतः चालायचं असतं तो या दोन गोष्टी एकाच पानावर लिहील, आणि पाय चोळण्याचा अध्याय शिकारीच्या नंतर टाकील.

पुढं आमचा मुलूख निजामाकडे गेला. हैदराबादच्या दरबारात जोड्याला केवढं महत्त्व! दरबारात जाणाऱ्याने जोडे बाहेर काढायचे आणि खाली बैठकीवर बसायचं, हा नियम इंग्रज रेसिडेंटलाही लागू होता. सगळ्या हिंदुस्थानाला टाचेखाली घेतलेला साहेब इथं मोज्यावर यायचा. 1869 साली दोन-तीन वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले, तेव्हा रेसिडेंटने अडून बसून बूट घालून आणि खुर्चीवर बसायचा हक्क मिळवला. गादीवरच्या बाळाचीसुद्धा तेव्हा चालायला शिकून फार दिवस झाले नसावेत.

हेच महबूब अली खान पुढं वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध झाले. ते 1911 साली वारले. त्यांच्या मागून आलेले मीर उस्मान अली खान, म्हणजे ज्यांच्या नावावरून आमच्या धाराशिवाला अनेक वर्षं उस्मानाबाद म्हणत (जुनं नाव 2023 मध्ये सरकारी कागदावर परत आलं), त्यांना वडिलांच्या जोड्याच्या टोकात एक हिरा सापडला असं सांगतात. साधासुधा नव्हे, एकशे चौऱ्याऐंशी कॅरटच्या वरचा जेकब हिरा. त्यांनी म्हणे त्याचा कागदावर ठेवायला वजन म्हणून उपयोग केला. 1995 साली भारत सरकारने निजामाचे दागिने घेतले त्यात तो आहे. मला या गोष्टीत हिऱ्याचं तितकं नवल वाटत नाही. शिकारी माणसाच्या जोड्यात इतकी वर्षं खडा राहिला आणि कुणाला टोचला नाही, याचं वाटतं. आमच्याकडं जोड्यात हरभऱ्याएवढा खडा गेला तर माणूस भर रस्त्यात एका पायावर उभा राहतो.

साहेब आमच्या जिल्ह्यात थेट राज्य करायला आला तो 1853 साली. निजामाने देणं फेडण्यापोटी नळदुर्गचा भाग कंपनीकडे दिला. 1860 मध्ये तो परत मिळाला. त्यातली पहिली काही वर्षं कर्नल मेडोज टेलर नळदुर्गला अधिकारी होता. हा माणूस वेगळा. मुलुखाची भाषा शिकलेला, तुळजापुरावर 'तारा' ही कादंबरी लिहिणारा. पण साहेबांची जात एकूण बुटांची. जाड तळाचे, खिळे ठोकलेले बूट, वर नडगीला पट्ट्या. (या पट्ट्यांचं इंग्रजी नावसुद्धा आपल्या 'पट्टी'वरूनच झालं. कुसळाला या लोकरी पट्ट्या फार आवडत. रानातलं निम्मं बी साहेबानेच पेरलं असेल.) पुढं पुढं मऊ रबरी तळाचे बूट आले, आवाज न करणारे. म्हणजे दीडशे वर्षं बूट सुधारता सुधारता साहेब अखेर जिथं पोहोचला, तिथं हाकारे पहिल्यापासून उभे होते. अनवाणी.

जुने शिकारीचे फोटो पाहा. पुढं वाघ, वाघाशेजारी साहेब किंवा संस्थानिक, बूट चकचकीत. मागं रांगेने हाकारे. बुटांची काळजी घ्यायला वेगळा नोकर होता. मागच्या रांगेतल्या पायांत बाभळीचे किती काटे मोडले याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. त्यातल्या काहींकडं वहाणा असतीलही, पण त्या घरी खुंटीला. आमच्या खेड्यांत अशी माणसं होती की ज्यांना वाड्यासमोरून जाताना वहाण काढून हातात धरावी लागे. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण ज्याने केली, त्याने ही हातातली वहाण पाहिली नसावी. किंवा रोज पाहिली असावी.

आमचे थोरले मामा एकदा असेच शिकारीला निघाले. काळ पन्नाशीतला, ससे-तितरांच्या शिकारीला तेव्हा कुणाची ना नव्हती. महायुद्धानंतर लष्कराचे जुने बूट सोलापूरच्या बाजारात स्वस्त मिळत, त्यातला एक जोड मामांनी आणला होता. टाचेला नाल, तळाला खिळे, वजन दोन्ही मिळून एका तान्ह्या पोराएवढं. वाट दाखवायला एक म्हातारा पारधी घेतला. माळावर मामा चालायला लागले की मुरमावर ठिणग्या उडत. कोसभर चालून झालं. काळवीट तर सोडाच, चिमणीसुद्धा दिसेना. शेवटी म्हातारा थांबला आणि अदबीनं म्हणाला, "मालक, पायातलं काढा. रानाला वाटायलंय गावात वरात निघाली."

मामांनी बूट काढले, फितीने बांधून गळ्यात घातले आणि वीस पावलांत खाली बसले. म्हाताऱ्याने बाभळीचाच दुसरा काटा मोडून पायातला काटा काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला. मामा पुढं आयुष्यभर त्या म्हाताऱ्याच्या तळव्यांचं वर्णन करीत. म्हणत, "भेगा पडलेली काळी जमीनच होती रे ती. सराटा त्यावर वाकडा व्हायचा." बंदुकीचं वर्णन त्यांनी कधी केलं नाही, ती उडालीच नव्हती.

फासेपारध्यांची पारध पाहिलेल्या लोकांनी सांगितलेली रीत अशी. शिकवलेल्या बैलाच्या आडून, त्याच्या चालीने चाल ठेवून, चरत चरत पुढं सरकायचं. तितराला दिसतो तो बैल. बाकीचे दोन पाय त्याला दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. फास आधीच लावलेले असतात. बूट घातलेल्या माणसाला हे काम अशक्य; बैलच आधी बुजेल. याच जिल्ह्यात भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे, आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली देह ठेवला ते जैन तीर्थ. तिथले मुनी पायाखाली मुंगी मरू नये म्हणून अनवाणी चालतात. पारधी तितराला चाहूल लागू नये म्हणून अनवाणी चालतो. पावलं दोघांचीही तितकीच हलकी पडत असणार.

आता भाषेची गंमत बघा. 'शिकार' हा फारसीतून आलेला शब्द, 'पारध' आपला घरचा. काम एकच. पण साहेबाने, नबाबाने केली ती शिकार. तिचं पुस्तक झालं, फोटो झाला, दिवाणखान्यात मुंडकं लागलं. पारध्याने केली ती पारध, आणि तिचा झाला गुन्हा. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, निजामाच्या राज्यानेही तो कित्ता गिरवला. जन्मला तो गुन्हेगार! गाव सोडायचं तर परवानगी, रोज हजेरी. आमच्या शेजारी सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहतच केलेली. टेलरसाहेबाने 1839 साली ठगांवर कादंबरी लिहून विलायतेत खळबळ उडवली होती. मला आपलं वाटतं, तेव्हापासून 'फास' हा शब्द कानावर आला की सरकारला तितराची मान आठवेचना, वाटसरूचाच गळा आठवे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. वीस वर्षांनी, 1972 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट मारणं सगळ्यांनाच बंद झालं. जनावरांच्या दृष्टीने उत्तम झालं. यात दुमत नको. फक्त त्या दिवशी साहेबांच्या मागून आलेल्या हौशी मंडळींनी बंदूक भिंतीला टांगली आणि आठवणी लिहायला घेतल्या. पारध्याला टांगायला भिंत नव्हती.

आता शिकारीचे बूट दुकानात मिळतात, पण शिकार नाही. आमच्याकडच्या सगळ्या जमिनींना पुरून उरलेलं पायताण निघालं ते शेवटी जुन्या ट्रकच्या टायरचं. काटा त्यात मोडतो, चिखलात ते सडत नाही, आणि चोरीला जात नाही. आज काळविटांचे कळप पिकात उतरले की याच वहाणा घालून शेतकरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर हिंडतो. मारायला नव्हे, हाकलायला. म्हणजे एका अर्थी तो अजून हाकाराच आहे; पुढं बंदूक घेऊन बसलेलं कुणी नाही, एवढंच.

आणि 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यासमोरून चक्क एक वाघ गेला. कित्येक वर्षांत जिल्ह्याने वाघ पाहिला नव्हता. पट्ट्यांवरून ओळख पटली. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा निघाला. शेकडो किलोमीटर चालत आलेला. काळी, माळ, नद्या, डोंगर, डांबरी रस्ते, सगळं ओलांडून. त्याला पकडायला बाहेरून पथकं आली, चांगले जाड तळाचे बूट घालून. वाघ त्यांना हुलकावण्या देत राहिला. पहाटे ओढ्याच्या ओल्या मातीत त्याचे ठसे दिसायचे, शेजारी बुटांचे.

येडशीच्या स्टँडवर एक म्हातारा पेपरातली ही बातमी दुसऱ्याकडून वाचून घेत होता. वाघाने शेळी मारली का, माणसाला धरलं का, यातलं काही त्याने विचारलं नाही. बातमी संपल्यावर म्हणाला, "एवढं चालून आलाय, काटाबिटा मोडला नसंल का रे त्याच्या पायात?"