मामांची गोळी आणि फॉस्फेटचा फ्लॅग

मागच्या शनिवारी हिंगोलीला मामांकडे होतो. जेवण झालं, मामांनी एक गोळी घेतली, वर ग्लासभर पाणी प्यायले आणि टीव्हीवर मॅच लावली. गोळीचं नाव इमॅटिनिब. मामांना सीएमएल आहे, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर.

"काय रे, तू एवढा इंजिनिअर, सांग बरं, एवढीशी गोळी कॅन्सर कशी रोखती?"

मला काय सांगता येणार! कॉलेजात बायोलॉजीला बारावीनंतर रामराम ठोकलेला. मग रविवार त्यातच गेला. जे सापडलं ते भन्नाट आहे, म्हणून हे पोस्ट.

पेशीतली कितीतरी प्रोटीन्स फॉस्फेट चिकटलं की चालू किंवा बंद होतात. आपल्या भाषेत फ्लॅग. हा फ्लॅग लावणाऱ्या एन्झाइमला कायनेज म्हणतात. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं कायनेज तयार होतं आणि ते बंदच होत नाही. इन्फिनिट लूप!

पण फ्लॅग लागलाय हे बघायचं कसं? पूर्वी पेशींना किरणोत्सारी फॉस्फरस-३२ द्यायचे आणि तो कुठे जाऊन बसला ते फिल्मवर बघायचे. काम किचकट आणि धोक्याचं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टोनी हंटरने जुनंच द्रावण पुन्हा वापरलं. त्याचा पीएच थोडा घसरला होता. त्यामुळे एरवी एकत्र दिसणारे दोन ठिपके वेगळे झाले आणि टायरोसिनवरही फॉस्फेट बसतं हे कळलं. आळसाचे फायदे :)

पुढची पायरी अँटिबॉडीची. अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायची युक्ती अल्बर्ट कून्सने १९४१ मध्येच दाखवली होती. १९८१ मध्ये फक्त फॉस्फेटवाल्या टायरोसिनला धरणारी अँटिबॉडी तयार झाली. म्हणजे पेशीतली प्रोटीन्स जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करायची, पातळ पडद्यावर उतरवायची, वर ही अँटिबॉडी सोडायची. मग तिला चिकटणारी, एन्झाइमचं लेबल लावलेली दुसरी अँटिबॉडी. जिथे फ्लॅग, तिथे पट्टा. आपलं प्रिंट स्टेटमेंटच की!

अशीच एक अँटिबॉडी, ४जी१०, बोस्टनला ब्रायन ड्रुकर या डॉक्टरने बनवली. तीच घेऊन तो बीसीआर-एबीएलच्या मागे लागला. औषध कंपनीने बनवलेली रसायनं पेशींवर टाकायची आणि पट्टे पुसट होतात का बघायचं. एका रसायनाने ते झाले. तेच इमॅटिनिब. १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी, २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता.

गोष्ट इथे संपली असती तर मामांना काही उपयोग नव्हता. कंपनीच्या ग्लिव्हेकचा भारतातला खर्च तेव्हा महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होता, इथल्या कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. ग्लिव्हेकच्या पेटंटला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचं अपील.

पट्टा पुसट झालेला दिसला म्हणून औषध सापडलं, आणि मुंबईतले काही लोक भांडले म्हणून ते हिंगोलीच्या फडताळात आलं. दोन्हीतलं एक जरी नसतं तरी शनिवारी मामांसोबत मॅच बघणं झालं नसतं.

रात्री फोन करून मामांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गोळी चुकवायची नाही, एवढंच ना?"

हो मामा. एवढंच.