लांब नळीची रायफल : अरण्य, माळरान आणि एक विसंगती

बंदुकीची नळी जितकी लांब तितका तिचा नेम अचूक व पल्ला दूरचा, ही समजूत फार जुनी असून आजही ती पुष्कळांच्या मनात घर करून आहे. तिची परीक्षा करावयाची तर अठराव्या शतकातील पेन्सिल्व्हेनियाच्या शिकारी रायफलीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ह्या रायफलीची नळी दाट अरण्यात लांबली आणि पुढे मोकळ्या माळरानावर आखूड झाली. सामान्य तर्काने नेमके उलट व्हावयास हवे होते; कारण झाडीत आखूड हत्यार सोयीचे, तर उघड्या रानात पल्ला मोठा हवा. ह्या विसंगतीचा उलगडा करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. भाषेच्या अभ्यासकाची ही खोड वाचक क्षम्य मानतील. ‘रायफल’ ह्या नावाचे मूळ खाचा पाडणे ह्या अर्थाच्या क्रियापदात आहे. नळीच्या आतून मळसूत्राप्रमाणे फिरत जाणाऱ्या खाचा, म्हणजे आटे, पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते व तिची दिशा स्थिर राहते. अचूकपणाचे श्रेय ह्या आट्यांचे आहे आणि नावानेही ते त्यांनाच दिले आहे. लांबीचा त्यात उल्लेख नाही. जर्मन मुलखातील ज्या शिकारी रायफलीपासून पेन्सिल्व्हेनियाची रायफल निपजली तिला ‘येगर’ म्हणतात. येगर म्हणजे शिकारी. माणसाचे नाव हत्याराला मिळाले. आपल्याकडे बंदुकीच्या अवयवांना घोडा आणि माशी ही प्राण्यांची नावे मिळाली, हेही सहज आठवते.

येगर रायफलीची नळी बहुधा ३० इंचांच्या आसपास असे व तिचे तोंड सुमारे ०.६ इंच रुंद असे. जर्मन व स्विस कारागिरांनी ही विद्या लँकेस्टर परिसरात नेली आणि अठराव्या शतकात तिच्यातून जी नवी रायफल घडली तिची नळी ४२ ते ४६ इंच लांब व तोंड सुमारे ०.४५ इंच होते. दोन बदल एकाच वेळी झाले, ही गोष्ट पुष्कळ लेखकांच्या दृष्टीतून निसटते आणि एकाचे श्रेय दुसऱ्यास दिले जाते. एक पौंड शिशातून ०.६२ इंच व्यासाच्या गोळ्या जेमतेम २० निघतात, ०.४५ इंचाच्या ५१ निघतात. महिनोन्‌महिने वस्तीपासून दूर राहणाऱ्या व शिसे आणि दारू पाठीवर वाहणाऱ्या शिकाऱ्यास ह्या हिशेबाचे मोल काय होते, हे सांगावयास नको. परंतु ही काटकसर तोंडाच्या अरुंदपणाची आहे, नळीच्या लांबीची नव्हे.

मग लांबीने काय साधले? काळी दारू सावकाश जळते, म्हणून लांब नळीत तिचा जोर गोळीस अधिक काळ मिळतो, हे खरे. पण किती? इंग्लंडमध्ये वुलिच येथील चार्ल्स हटन ह्यांनी १७८३ पासून वेगवेगळ्या लांबीच्या तोफांवर प्रयोग केले. नळी दुप्पट केली तरी पल्ला जेमतेम एक सप्तमांशाने वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोफ म्हणजे रायफल नव्हे. तथापि लाभाचा उतरता क्रम दोहींकडे सारखाच.

खरा लाभ डोळ्यांचा होता. मागची खाच व पुढची माशी ह्यांत ३० इंचांचे अंतर असताना जुळणीत इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर १०० यार्डांवर गोळी १.२ इंच चुकते. अंतर २० इंच असेल तर १.८ इंच. म्हणजे लांब नळीने रायफल अधिक अचूक झाली नाही, शिकारी अधिक अचूक झाला. शिवाय खाच डोळ्यापासून बरीच पुढे बसवता येई. चाळिशी लागलेल्या माणसास ह्याचे महत्त्व कळते. पुढे झुकलेले वजन उभ्याने नेम धरताना स्थैर्य देई. दस्ता जमिनीवर टेकला असता नळीचे तोंड हनुवटीच्या आसपास येई, त्यामुळे उभ्या उभ्या दारू ओतून गजाने गोळी ठासणे सुलभ होई. पायी हिंडणाऱ्या, हरणाच्या मागावर संथपणे जाणाऱ्या शिकाऱ्यास झाडीची अडचण तितकीशी जाणवत नसावी. लांब इंग्रजी बंदुकांची सवय व आवड हेही एक कारण अनेक अभ्यासक सांगतात, आणि ते मला उपेक्षणीय वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात शिकारी मिसिसिपी ओलांडून घोड्यावर बसला. समोर हरणाऐवजी रानगवा व करडे अस्वल आले. सेंट लुइस येथील जेकब व सॅम्युएल हॉकिन ह्या बंधूंच्या रायफलीची नळी साधारण ३४ ते ३६ इंच, तोंड ०.५० ते ०.५४ इंच. जड गोळी व दारूचा भारी बार सोसण्यासाठी नळीची भिंत जाड करावी लागली. त्यामुळे लांबी घटूनही हत्यार बहुधा जडच राहिले. पूर्वीइतकी लांबी राखती तर ते खोगिरावर आडवे धरणे अशक्य झाले असते. नळीची लांबी ठरविली ती रानाने नव्हे. शिकाऱ्याच्या वाहनाने आणि सावजाच्या आकाराने.

पुढे पॉल व्हिएल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये धूरहीन दारू सिद्ध केली आणि लांबीचा उरलासुरला आधारही ढिला झाला. विंचेस्टरच्या १८९४ च्या नमुन्याची रायफल २६ इंच नळीची होती, तर तिचीच कार्बाइन २० इंचांची. मध्यम शक्तीच्या काडतुसात दर इंचामागे वेग साधारणतः सेकंदाला २० ते ३० फुटांनी बदलतो. दोन हजार फुटांहून अधिक वेगात सहा इंचांचा तोटा दहाव्या हिश्श्यासही पोचत नाही. मोबदला म्हणून आवाज व ज्वाला वाढतात. आखूड नळी, जाडी तितकीच असल्यास, अधिक ताठ असते व कमी थरथरते. म्हणून नेमाला तिने बाध येत नाही. झाडीतल्या शिकाऱ्यांनीही ही कार्बाइन आपलीशी केली.

संग्रहालयांतील मोजमापांविषयी एक सूचना आवश्यक आहे. गजाच्या घर्षणाने जुन्या नळ्यांचे तोंड झिजे, तेव्हा ते कापून टाकीत व आटे पुन्हा कोरीत. सबब आज ४० इंच भरणारी नळी घडविली तेव्हा ४४ इंचांची असू शकेल, आणि तोंडाची रुंदीही मूळची असेलच असे नाही. लाकडी दस्त्यावरील खुणा व माशीची जागा पाहिल्यावाचून अशा आकड्यांवर कालक्रम उभारू नये.