केळी पिकवण्याचं चेंबर: आत नेमकं काय होतं?

जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावल पट्ट्यात, केळीचे घड हिरवेच उतरवतात. पिकलेला माल दिल्लीला पाठवला तर दोन-तीन दिवसांच्या प्रवासात त्याचा लगदा होईल. त्यामुळे पिकवणं होतं बाजाराजवळच्या वखारीत, आणि शंका घ्यावी ती तिथेच.

केळं पिकतं इथिलीन वायूमुळे. फळ तो स्वतःच सोडतं. चेंबरमध्ये तोच वायू बाहेरून थोडा देतात. एफएसएसएआयची मर्यादा 100 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग. साधारण 24 तास वायू, मग दारं उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि पुढे 16 ते 18 अंशांवर काही दिवस. हवा दमट लागते, नाहीतर वजन घटतं (आणि माल वजनावरच विकला जातो!).

कार्बाइडची पुडी यापेक्षा कितीतरी स्वस्त. ओल लागली की तिच्यातून ॲसिटिलीन निघतो. साल पिवळी होते, गर कच्चा राहू शकतो. त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात; म्हणून फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर भारतात बंदी आहे.

"अजून थंड ठेवलं तर जास्त टिकेल ना?" असं मला बरेच जण विचारतात. केळीचं तसं नाही. सुमारे 13 अंशांच्या खाली साल राखाडी पडते आणि फळ नंतर नीट पिकत नाही. वीजबिलही जातं, मालही जातो. म्हणून रीफर गाडी ठरवताना मी ॲप नंतर बघेन, आधी तापमानाचा लॉगर. माल उतरवतानाचा एक आकडा काही सांगत नाही. रात्री यंत्र चार तास बंद होतं का, ते लॉगरच्या आलेखातच दिसतं.