राक्षसाच्या चेहऱ्यामागचा माणूस



१९१८ सालचा खेडा सत्याग्रह आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पिके बुडाली होती. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. पण सरकारी कागदावरची आणेवारी निराळी आणि शेतकऱ्याच्या खळ्यातली आणेवारी निराळी. हे दुखणे आपल्याला काही नवे नाही. शेवटी गांधीजींच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची प्रतिज्ञा केली.

खेडा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्याच्या उत्तर विभागात मोडत असे, आणि विभागाचे कमिशनर होते फ्रेडरिक प्रॅट. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या साहेबांची मोठी गमतीची हकिगत दिली आहे. त्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप मिटला, तेव्हा झालेल्या समारंभात कमिशनरसाहेबांनी कामगारांना उपदेश केला, की गांधी सांगतील तसे तुम्ही नेहमी वागत जा. आणि लगेच पुढे हेच साहेब खेड्यातल्या पाटीदारांना बजावू लागले, की गांधींचे मुळीच ऐकू नका!

परंतु आज आपल्याला बोलायचे आहे ते या कमिशनरसाहेबांविषयी नव्हे, तर त्यांच्या सर्वांत धाकट्या भावाविषयी. थोरला भाऊ इकडे साऱ्याची वसुली करीत होता, त्या सुमारास धाकटा दूर अमेरिकेत पोटासाठी मिळेल ते काम करीत होता. त्याचे नाव विल्यम हेन्री प्रॅट. पण जग त्याला ओळखते ते बोरिस कार्लोफ या नावाने. सिनेमाच्या पडद्यावर ज्याला पाहून माणसांना घाम फुटे, तोच हा इंग्रज चरित्र-नट.

विल्यमचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडन शहराच्या कॅम्बरवेल भागात झाला. नऊ भावंडांत हा शेंडेफळ. वडील हिंदुस्थानातल्या मीठ खात्यात नोकरीला होते. आईवडिलांचे लग्न १८६४ साली सुरतेस लागलेले. आईचे घराणे तर आपल्या अगदी जवळचे निघते. आईची मावशी, म्हणजे विल्यमच्या आजीची सख्खी बहीण, ॲना लिओनोवेन्स. सयामच्या राजवाड्यात राजपुत्रांना शिकवणारी बाई म्हणून तिची कीर्ती झाली, तिच्यावर कादंबरी निघाली, नाटके आणि चित्रपट निघाले. ही ॲना आपला जन्म वेल्समध्ये झाला असे सांगत असे. पण १९७० नंतरच्या संशोधनात उघड झाले, की ती १८३१ साली आपल्या अहमदनगरला, एका साध्या सार्जंटच्या घरी जन्मली होती आणि तिचे लग्न १८४९ साली पुण्यात झाले होते. तिची आजी बहुधा हिंदी स्त्री असावी, असे अभ्यासक मानतात. त्या काळच्या गोऱ्या समाजात असे रक्त असणे म्हणजे कमीपणा. म्हणून ॲनाने आपले जन्मगावच पुसून टाकले.

हीच रीत पुढे विल्यमनेही चालवली. त्याचा वर्ण इंग्रजाला न शोभेल इतका सावळा होता. पण आपल्या हिंदी नात्याविषयी तो कधी मोकळेपणाने बोलला नाही. कार्लोफ हे आडनाव आईच्या माहेरकडच्या जुन्या पूर्वजांचे, असे तो सांगे. पुढे त्याच्या मुलीने म्हटले, की घराण्यात असे कोणी आढळतच नाही. दोन पिढ्या, दोन देश. पण दोघांनाही आपले खरे मूळ झाकूनच जगावे लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

आईवडील लहानपणीच गेले. थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले. घरातल्या मुलांनी परदेशी सरकारी नोकरी करावी, हा जणू कुळाचारच होता. एक भाऊ आपल्याकडे कमिशनर झाला, दुसरा जॉन चीनमधल्या वकिलातीत चढत जाऊन 'सर' झाला. विल्यमलाही त्याच परीक्षेसाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातले. पण त्याचे चित्त नाटकात! जीभ थोडी बोबडी, पाय किंचित वाकडे, तरी नट व्हायचे. १९०९ साली त्याने कॉलेजला रामराम ठोकला आणि कॅनडाची बोट पकडली.

तिकडे शेतावर राबला, मजुरी केली, आणि अखेर एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला. अनुभव दांडगा आहे अशी थाप मारून शिरला! पहिल्या रात्रीची गंमत तो स्वतःच सांगे. पडदा वर गेला तेव्हा आठवड्याला ३० डॉलर पगार होता, पडदा पडला तेव्हा १५ राहिला. पण त्याने कंपनी सोडली नाही. गावोगाव हिंडून, आज म्हातारा तर उद्या खलनायक असे करीत तो काम शिकला.

पहिले महायुद्ध संपता संपता तो हॉलिवूडला आला. तो मूकपटांचा जमाना होता. त्याच्या वाट्याला काय आले, तर गर्दीतला एक चेहरा, नाही तर अरब, मेक्सिकन, तांबडा इंडियन, चाचा, हुजऱ्या. चेहरा 'परका' दिसतो ना, मग परक्याचेच काम करा, असा तिथला हिशेब. दहा-बारा वर्षे अशी गेली. काम नसेल तेव्हा तो मालमोटार चालवी, पाठीवरून जड ओझी वाही. चाळिशी उलटली तरी नाव कोणाला ठाऊक नाही. चरित्र-नटाचे जिणे असेच असते. नायकाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत, आणि चरित्र-नटाचे काम पाहून लोक म्हणतात, "अरे, याला कुठेतरी पाहिलंय!"

१९३१ साल उजाडले. युनिव्हर्सल कंपनी 'फ्रँकेन्स्टाइन' हा बोलपट काढीत होती. मूळ कादंबरी मेरी शेली या इंग्रज लेखिकेची, १८१८ सालची. त्यात फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव नव्हे. ते त्याला निर्माण करणाऱ्या विद्वानाचे नाव. पुष्कळ शिकलेले लोकही इथे घोटाळा करतात. चित्रपटात हा विद्वान प्रेतांचे अवयव जोडून एक देह तयार करतो, विजेच्या जोरावर त्यात प्राण ओततो, आणि मग त्याचे ते भेसूर रूप उरावर बसले म्हणून त्याला टाकून देतो. बाप टाकून देतो, गाव दगड मारतो. अशा पोराचे होणार काय?

दिग्दर्शक जेम्स व्हेल. त्याने कार्लोफचा चेहरा हेरला आणि राक्षसाचे काम देऊ केले. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास खपून तो चेहरा घडवी. सपाट कपाळ, जड पापण्या, मानेत दोन खिळे. कार्लोफने गाल खोल दिसावा म्हणून तोंडातली दातांची पट्टीच काढून ठेवली. अंगावर जड पोशाख, पायात जड बूट, आणि वर उन्हाळा. असे करीत एकदा त्याला सलग २५ तास काम करावे लागले. नायकाला खांद्यावर टाकून टेकडी चढण्याचा प्रसंग पुनःपुन्हा घेतला, त्यात पाठीला जी इजा झाली ती त्याला जन्मभर भोवली.

आता त्याच्या अभिनयाकडे वळू. या भूमिकेत एक शब्दही नाही. फक्त गुरगुरणे. पण एक प्रसंग बघा. अंधाऱ्या खोलीत छपराची झडप उघडते आणि उजेडाचा झोत खाली येतो. हा अजस्र प्राणी मान वर करतो आणि दोन्ही हात उंच करून तो उजेड पकडू पाहतो, जसे रांगते मूल चांदोबाकडे हात करते तसे. झडप बंद होते आणि ते हात रिकामेच राहतात. प्रेक्षक भ्यायला आलेला असतो, आणि त्याच्या घशाशी हुंदका येतो!

दुसरा प्रसंग तळ्याकाठचा. एक लहानगी मुलगी त्याला न भिता फुले देते. दोघे पाण्यात फुले सोडतात आणि ती तरंगताना पाहून हा हसतो. फुले संपतात, तेव्हा त्याला वाटते ही पोरही फुलासारखीच तरंगेल. तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडाल्यावर सैरभैर होऊन पळतो. हा भाग भयंकर म्हणून पुष्कळ ठिकाणी कापला गेला. पण कापल्यामुळे झाले भलतेच. राक्षसाने हात पुढे केला, एवढ्यावरच प्रसंग तुटू लागला आणि लोकांनी त्याहून वाईट कल्पना केल्या. १९८०च्या दशकात तो भाग पुन्हा जोडला गेला, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याचे अज्ञान पुरते दिसले.

कार्लोफला हे कसे साधले? जन्मभर ज्याला त्याच्या तोंडवळ्यावरून 'हा आपल्यातला नव्हे' असे ठरवले गेले, त्याला टाकून दिलेल्या जिवाचे मन कळायला पुस्तक वाचावे लागत नाही, असे मला वाटते. लहान मुलांना तर ते अचूक कळले. मुले त्याला पत्रे लिहीत, आणि त्यांत भीती नसे. राक्षसाविषयी कळवळा असे. मोठ्यांना जे दिसले नाही ते पोरांना दिसले.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नुसते प्रश्नचिन्ह छापले होते. वर्षभरात ते प्रश्नचिन्ह घरोघरचे नाव झाले. १९३२ साली 'द ममी', १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. मधे १९३३ साली तो कामासाठी इंग्लंडला गेला. घर सोडल्याला वीस वर्षे उलटून गेली होती. अधिकारपदे भोगलेल्या भावांना आपली लाज वाटेल, अशी त्याला धास्ती. छायाचित्रकाराने भावांसह चित्र मागितले तेव्हा हा चाचरला. आणि झाले काय, तर कोणी कुठे उभे राहायचे यावरून त्या प्रतिष्ठित भावांतच पोरांसारखी चुरस लागली!

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. अमेरिकेत मंदी होती. चित्रपट कंपन्यांनी मार्च महिन्यात पगार निम्म्यापर्यंत कापले. कामाच्या तासांना धरबंद नव्हताच. तेव्हा काही नटांनी एकत्र येऊन १९३३ च्या उन्हाळ्यात 'स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड' ही नटांची संघटना उभी केली. मालकांची खप्पा मर्जी झाली तर काम जायचे, म्हणून मोठे तारे आधी बिचकत होते. कार्लोफ नुकता कुठे वर आला होता, गमावण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ होते. तरी तो पहिल्या मूठभर लोकांत शिरला. त्याचा सभासद क्रमांक नऊ. स्टुडिओंनी संघटनेला मान्यता दिली ती १९३७ साली, म्हणजे चार वर्षे झगडल्यावर.

एकाच घरातले हे दोघे भाऊ. १९१८ साली अहमदाबादेत कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, तेव्हा थोरला सत्तेच्या खुर्चीत होता. १९३३ साली धाकटा कामगारांच्या बाजूला उभा राहिला. थोरला दुष्ट होता असे माझे म्हणणे नाही. तो आपले काम करीत होता. पण ज्याने पाठीवर ओझे वाहिलेले असते त्याला ओझ्याचे वजन विचारावे लागत नाही.

पुढची कारकीर्द मोठी आहे. १९४१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' हे विनोदी नाटक आले. त्यातला खुनी पात्र म्हणतो, अमक्याला मी मारले, कारण तो म्हणाला मी बोरिस कार्लोफसारखा दिसतो! आणि हे काम करणारा खुद्द कार्लोफ. नाटकाचे १४४४ प्रयोग झाले. १९४५ सालच्या 'द बॉडी स्नॅचर'मधले त्याचे काम जाणकार फार वरचे मानतात. १९५० साली तो मुलांच्या 'पीटर पॅन'मध्ये कॅप्टन हुक झाला. आणि १९६६ साली 'ग्रिंच' या मुलांच्या चित्रकथेला त्याने आवाज दिला. बोबड्या जिभेच्या या माणसाला त्या ध्वनिमुद्रिकेसाठी ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

म्हातारपणी फुफ्फुसे थकली, पाय आधाराशिवाय चालेनात, पण काम थांबले नाही. १९६८ सालच्या 'टार्गेट्स' या चित्रपटात त्याने निवृत्त होऊ पाहणाऱ्या भयपटातल्या नटाचे काम केले. त्या वृद्धाला वाटते, आता आपल्याला पाहून कोण भिणार? वर्तमानपत्रात रोज याहून भयंकर छापून येते. आणि तिकडे एक देखणा, सुसंस्कृत दिसणारा तरुण बंदूक घेऊन निरपराध माणसे टिपीत सुटलेला असतो. चेहरा पाहाल तर कोणीही त्याला घरात घेईल. राक्षसाचा चेहरा कोणता आणि राक्षसाचे काम कोणते, हा फरक कार्लोफने शेवटी असा एका चित्रपटात उभा केला. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९६९ रोजी, इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील मिडहर्स्ट येथे त्याचे निधन झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातही शेवटच्या बाकावर एखादे पोर असते. दिसायला वेगळे, बोलताना अडखळणारे, कोणी नाव ठेवलेले. खेड्याचा धडा शिकवताना कमिशनर प्रॅटचे नाव आले, की त्याच्या या धाकट्या भावाची गोष्टही दोन मिनिटे सांगावी. इतिहासात हुकूम काढणाऱ्यांची नावे आपोआप राहतात. ज्यांच्या नावापुढे नुसते प्रश्नचिन्ह असते, त्यांची नावे मात्र कोणीतरी मुद्दाम सांगावी लागतात.