ग्रस्त, लाभार्थी आणि सहायक : नांदेड-लातूर परिसरातील प्रकल्प-व्यवस्थापनाची भाषिक पूर्वपीठिका

व्यवस्थापनविषयक उच्च व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रकल्प-व्यवस्थापनास आज स्वतंत्र शास्त्राचे स्थान प्राप्त झालेले आहे. या शास्त्राचा इतिहास सांगताना सामान्यतः अमेरिकेतील दोन घटनांपासून आरंभ केला जातो. १९५७ साली ड्यू पाँट कंपनीत जेम्स केली व मॉर्गन वॉकर यांनी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धतीची मांडणी केली. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र योजनेसाठी ‘पर्ट’ ही पद्धती सिद्ध झाली. १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि १९८४ पासून तिने या व्यवसायाची प्रमाणपत्र परीक्षा सुरू केली. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर बांधकाम-व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी निकमार ही संस्था १९८३ साली उदयास आली.

हा इतिहास यथार्थ आहे. परंतु तो पूर्ण नाही. प्रकल्प ज्या भूमीवर उभा राहतो तेथील लोक त्यास कोणत्या शब्दांनी ओळखतात, आणि त्या शब्दांत त्या लोकांचे स्थान कोणते असते, हा प्रश्न त्यात येत नाही. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, या प्रश्नाचा इतिहास बराच बोधप्रद आहे.

१

१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा भाग होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवण्यात आले, आणि त्यासाठी शास्त्रीय परिभाषा घडविणारा भाषांतर विभाग त्याआधीच सुरू झालेला होता. त्यामुळे बांधकाम म्हणजे ‘तामीरात’ आणि पाटबंधारे म्हणजे ‘आबपाशी’ अशी सरकारी परिभाषा येथे रूढ होती. गावातील गवंडी मात्र ओळंबा, खण, माळवद या आपल्या शब्दांनीच घर उभारीत असे. बांधणाऱ्याची भाषा एक आणि मंजुरी देणाऱ्याची दुसरी, ही स्थिती नवी नव्हे.

१९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम संमत झाला. हिंदीने ‘परियोजना’ हा शब्द पसंत केला; मराठीत ‘प्रकल्प’ स्थिरावला. परिभाषा बदलली, तरी अंतर सरले असे मात्र म्हणता येत नाही. तांत्रिक आराखडे व निविदा यांचा व्यवहार इंग्रजीत होत राहिला. एका पिढीच्या आयुष्यात सरकारी कामाची भाषा उर्दू, इंग्रजी व मराठी अशी पालटली. गवंड्याची भाषा तेवढी तीच राहिली.

२

गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांनी पाटबंधारे मंत्री या नात्याने राज्याच्या जलनीतीस जे वळण दिले, त्याचा हा ठळक परिपाक होय. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पास पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. या प्रकल्पांनी कोरडवाहू प्रदेशास पाणी दिले, हे निर्विवाद आहे.

मात्र याच काळात मराठीत ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द रूढ झाला. जायकवाडीचे उद्घाटन झाले त्याच १९७६ साली राज्याने प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ‘ग्रस्त’ हे उत्तरपद मराठीत कोठे येते, हे पाहण्याजोगे आहे. रोगग्रस्त, दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त या शब्दांच्या मालिकेत ते येते. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे; ‘ग्रस्त’ म्हणजे गिळला गेलेला. राज्याने ज्यास विकास म्हटले त्यास भाषेने कोणत्याही अभिनिवेशाशिवाय आपत्तींच्या पंक्तीत बसविले. व्याकरणदृष्ट्याही हे रूप कर्मणि आहे. कृती प्रकल्पाची, माणूस केवळ ती भोगणारा.

३

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या प्रश्नास वेगळेच वळण दिले. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे प्राणहानीचे प्रमुख कारण ठरले. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नसल्याने ते विलग होऊन कोसळले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली.

१९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी मुंबईत प्रकल्प व्यवस्थापन कक्ष स्थापण्यात आला. विशेष हे की, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड येथे याच वर्षी, १७ सप्टेंबर रोजी, स्थापन झाले.

कार्यक्रमाची दोन प्रमुख अंगे परस्परांशी ताडून पाहण्यासारखी आहेत. पहिले अंग पूर्णतः उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांच्या स्थलांतरित पुनर्वसाहतीचे. येथे घराचे आकारमान जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंतच्या धारकांस २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांस ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांस ७५०. रुंद रस्ते व सरळ रांगा असलेल्या या वसाहतींत जुन्या गल्लीचा व वाड्याचा शेजार विखुरला. या घरांत राहावयास जाणारा सरकारी कागदांत ‘लाभार्थी’ होता. भूकंपग्रस्ताचा लाभार्थी झाला, ही उन्नती खरी. परंतु ‘अर्थी’ म्हणजे मागणारा, याचक. मागण्याचा अधिकार त्यास आहे, ठरविण्याचा नाही.

दुसरे अंग १३ जिल्ह्यांतील सुमारे २ लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचे. येथे घरमालकाने स्वतः काम करून घ्यावयाचे आणि शासनाने साहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन द्यावयाचे, असे ठरले. हे काम कंत्राटदाराच्या हातून होणारे नव्हते. माळवदावरची माती का उतरवावयाची, भिंतीच्या आरपार जाणारे दगड कोठे बसवावयाचे, हप्ता केव्हा मिळणार, या प्रत्येक गोष्टीची उकल घरोघर व्हावयास हवी होती. या अडचणीतून स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेस लोकसहभागासाठी सल्लागार नेमण्यात आले आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक स्त्रिया काम करू लागल्या. अभियंत्याचे म्हणणे घरमालकास आणि घरमालकाची शंका अभियंत्यास कळविणे, महिला मंडळांच्या सभा भरविणे, कामावर लक्ष ठेवणे, हे त्यांचे कार्य होते.

‘सहायक’ या शब्दाचा मूळ अर्थ बरोबर चालणारा. त्याचा ‘अक’ हा प्रत्यय कर्तृवाचक आहे. ग्रस्त, अर्थी, सहायक या तीन पदांत प्रकल्पाखालील माणसाचा कर्मापासून कर्त्यापर्यंतचा प्रवास अंकित झालेला दिसतो. पहिल्या अंगात हे पद नव्हते. दुसऱ्यात ते होते. दोहोंतील फरकाचे हे एकमेव कारण नसले तरी ते उपेक्षणीय खचित नाही. २००१ च्या भूकंपानंतर लातूर परिसरातील स्त्रिया कच्छमध्ये तेथील स्त्रियांस अनुभव सांगावयास गेल्या, यावरून हे पद केवळ कागदी नव्हते हे सिद्ध होते.

४

याउलट नांदेड शहराचे उदाहरण घेता येईल. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी येथे ग्रंथसाहेबास गुरुपद दिले. २००८ साली त्या घटनेची त्रिशताब्दी साजरी झाली आणि नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या साहाय्याने शहरातील अनेक कामे त्या निमित्ताने हाती घेण्यात आली. समारंभाची तिथी कोणासही पुढे ढकलता येणार नव्हती. असे काम म्हणजे मुदतीचे शास्त्र. आणि १९५७-५८ च्या पद्धती नेमक्या त्यासाठीच जन्मास आल्या. किल्लारीच्या कामास मुदत होतीच, परंतु तेथील गाठ मुदतीपेक्षा विश्वासाची होती. जी स्त्री दगडाच्या घराखाली आपली माणसे गमावून बसली, तिला दगडाचेच घर दुरुस्त करून पुन्हा त्यात निजावयास सांगावयाचे होते. हे काम कोणत्याही जाळे-आलेखात एका बाणाने दाखविता येत नाही.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक ग्रंथात संज्ञापनाचे प्रकरण पूर्वीपासून होते. परंतु हितसंबंधीयांचे व्यवस्थापन हे स्वतंत्र ज्ञानक्षेत्र म्हणून २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रथम आले. लातूरच्या गावांत ही गोष्ट त्यापूर्वी सुमारे दोन दशके प्रत्यक्षात आलेली होती. तिला शास्त्रीय नाव नव्हते, मराठी नाव होते.

यावरून अभ्यासक्रमाविषयी एक निष्कर्ष निघतो. नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी प्रकल्प-व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण घेताना पोलारिसचे उदाहरण अभ्यासतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच्या जिल्ह्याच्या दप्तरात, आणि आज वृद्ध झालेल्या संवाद सहायकांच्या स्मृतीत, त्याच शास्त्राचे एक मोठे प्रकरण पडून आहे. दप्तर जपता येते. स्मृतीस मात्र आयुष्याची मर्यादा असते. त्या कार्यक्रमातील पत्रके, ग्रामसभांची इतिवृत्ते व मौखिक निवेदने यांचे संकलन हे इतिहास, भाषाविज्ञान व व्यवस्थापनशास्त्र या तिन्ही विभागांचे संयुक्त कार्य होय, आणि ते याच दशकात व्हावयास हवे.