सूर्यावरचे डाग आणि माठावरची टिकली

आज आम्ही तुम्हाला चारशे वर्षांपूर्वीच्या एका वादाची गोष्ट सांगणार आहोत.

१६११ साली युरोपात दुर्बीण नवीच आली होती. तिच्यातून पाहणाऱ्यांना सूर्यावर काळे डाग दिसले. तेव्हा विद्वान मानत, की आकाशातलं सगळं निर्मळ असतं, सूर्याला डाग कसा असेल? जर्मनीतल्या क्रिस्टोफ शाइनर या धर्मगुरूंनी वाट काढली. ते म्हणाले, डाग सूर्यावर नाहीतच, सूर्याभोवती लहान गोळे फिरतात, ते आड आले की काळे दिसतात.

इटलीतल्या गॅलिलिओंना हे पटलं नाही. त्यांचे शिष्य कास्तेल्ली यांनी युक्ती काढली होती, की दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं आणि डाग गिरवायचे. रोजची चित्रं जुळवली, तेव्हा उत्तर मिळालं.

ते आपणही घरी पडताळू शकतो. माठाच्या पोटावर कुंकवाची गोल टिकली काढा आणि माठ सावकाश फिरवा. समोर असताना टिकली गोल दिसते, भराभर सरकते. कडेला जाताना ती चिंचोळी होते आणि हळू सरकते. माठापासून दूर फिरणारा मणी मात्र कडेशीही गोलच दिसतो. सूर्यावरचे डाग कडेला चिंचोळे होत होते. शिवाय ते मधेच उमटत, फुटत, विरून जात. म्हणजे डाग सूर्याच्या अंगावरच होते आणि सूर्य स्वतःभोवती फिरत होता. एका फेरीला साधारण महिना लागतो, असं गॅलिलिओंनी सांगितलं. डाग कशाचे, हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. ते ढगांसारखे असावेत, एवढंच म्हणाले. आज आपल्याला माहीत आहे, की ते सूर्याचे भोवतालापेक्षा थंड भाग आहेत.

गॅलिलिओंची ही पत्रं १६१३ साली रोममध्ये छापली गेली. ती विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हती, लोकांच्या इटालियन भाषेत होती. पुढे शाइनर यांनीही वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि डाग सूर्यावरच आहेत हे मान्य केलं.

आम्हाला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की मोठ्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर रोज पाहून, नोंदून निर्णय झाला. बचत गटाची वही लिहिणाऱ्या आपल्याला नोंदीची ताकद ठाऊक आहेच.

एक मात्र लक्षात ठेवा, सूर्याकडे थेट पाहू नका, मुलांनाही पाहू देऊ नका. डोळे कायमचे जाऊ शकतात. माठ आणि टिकली पुरे!